पाऊण इंच

गेली सत्तावीस वर्षं मी नाशिकरोडला ब्लाउज शिवते. जेल रोडवर आमच्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात दुकान आहे आणि वर घर. छातीची मापं घेणं हा माझा रोजचा धंदा, आणि माझ्याच छातीतली गाठ मला सगळ्यात उशिरा कळली. हे वाचून कुणाला हसू आलं तरी चालेल. मीही आधी हसले होते, नंतर बराच वेळ रडले.

उपचार संपत आले तेव्हा हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाई म्हणाल्या की अनुभव लिहून काढा, दुसऱ्या बायकांना उपयोग होईल. मी म्हटलं, मी दहावी पास, मला कुठलं लिहिता येतंय. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. म्हणून लिहिते आहे. धीर कसा धरावा यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एका चुकीबद्दल लिहायचं आहे. ती मी दोनदा केली. एकदा स्वतःच्या बाबतीत, आणि त्याआधी माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, ज्योत्स्नाबाईंच्या बाबतीत.

*

आमच्या धंद्याची एक रीत आहे. कुठल्याच बाईच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. शिवणाऱ्या बाईला ते टेप लावल्याबरोबर कळतं. मी ज्यांच्याकडे शिकले त्या देवळालीगावातल्या काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हात चालवायचा, तोंड नाही. मापाबद्दल बोललीस तर बाई परत यायची नाही."

म्हणून आम्ही फरक झाकतो. एका बाजूचा टक्स, म्हणजे छातीखालची शिवलेली चुणी, जरा आत घ्यायचा, दुसऱ्या बाजूला माया जास्त ठेवायची, म्हणजे शिलाईच्या आत थोडं जादा कापड सोडायचं. बाई आरशासमोर उभी राहते तेव्हा दोन्हीकडे एकसारखं दिसतं. ती खूश होते आणि का खूश झाली ते तिला कळत नाही. माझ्या वहीत मापापुढे मी एक बारीक टिंब काढते, डावीकडे नाहीतर उजवीकडे. त्या टिंबाचा अर्थ माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. लोक म्हणायचे, सुनंदाताईंची फिटिंग म्हणजे फिटिंग. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

ज्योत्स्नाबाई माझ्याकडे पंधरा वर्षं येत होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, घर जवळच्याच उपनगर भागात, मिस्टर वारलेले, मुलगा बंगळूरला. बोलणं मोजकं. दिवाळीला चार ब्लाउज आणि एखाद्या लग्नाला एखादा, एवढं त्यांचं ठरलेलं. एका दिवाळीला माप घेताना मला उजवीकडे पाऊण इंचाचा फरक लागला. मागच्या वर्षी त्यांच्या मापापुढे टिंब नव्हतं. मी टेप परत लावून पाहिला. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, टेप पिळला होता." आणि उजवीकडे टिंब काढलं. ब्लाउज असा बसला की त्या स्वतःहून दोन बायकांना माझ्याकडे घेऊन आल्या.

*

आता माझं ऐका.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मंगल कार्यालयात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. मशीन असलेली गाडी बाहेर उभी होती. बायका लाजत होत्या, तर मीच पुढे झाले आणि गल्लीतल्या आठजणींना ओढून नेलं. मशीनमध्ये दाबतात तेव्हा दुखतं, पण पोळीचा चटका बसतो तेवढ्याच वेळापुरतं. आठवड्याने रिपोर्ट आला, सगळं ठीक. रिपोर्ट देणाऱ्या बाईंनी सांगितलं, "दोन वर्षांनी परत करून घ्या, आणि दर महिन्याला घरी हाताने तपासत जा." मी मान डोलावली.

आणि मग काय केलं, तर बिटको चौकात जाऊन त्या रिपोर्टचं लॅमिनेशन करून घेतलं. आधार कार्ड, रेशन कार्ड, माझ्या मुलीची, पूर्वाची, दहावीची मार्कशीट आणि माझा मॅमोग्राफीचा रिपोर्ट, सगळं एका फाइलमध्ये. मार्कशीट जशी एकदा मिळाली की जन्मभर पास, तसंच मला हेही वाटलं. पुढच्या वर्षांत कुणी तपासणीचं नाव काढलं की मी तोऱ्यात सांगायचे, "माझी झालेली आहे." दोन वर्षांनी शिबिर पुन्हा आलं तेव्हा लग्नसराई होती आणि टेबलावर तीस ब्लाउज पडले होते. मी गेले नाही. चौथ्या वर्षी मी शिबिराचा फलकसुद्धा वाचला नाही.

महिन्याच्या महिन्याला हाताने तपासायचं तेही दोन-तीनदा केलं असेल. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेऊन झाल्यावर स्वतःकडे बघायचा कंटाळा यायचा.

*

गेल्या वर्षी येवल्याला माझ्या भाचीचं लग्न ठरलं. भावाने मानाची पैठणी दिली, अंजिरी रंगाची. तिच्यावरचा ब्लाउज मी मन लावून शिवला. घालून पाहिला तर डावीकडे काखेजवळ एक सुरकुती पडत होती. उसवला, टक्स सरकवला, परत शिवला. महिन्याभराने लग्नाच्या आधी घातला तर पुन्हा तीच सुरकुती, जरा जास्तच. परत उसवला.

त्या दिवशी आरशात मला दिसलं होतं. डावीकडची कातडी एका जागी आत ओढल्यासारखी होती, धागा ताणून शिवल्यावर कापड आवळतं तशी. मी बघितलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की इथे अर्धा इंच सोडावा लागेल. पाळी जायचं वय आहे, अंग बदलतंच, असं स्वतःला समजावलं. दुखत तर काहीच नव्हतं. दुखलं असतं तर मी धावत गेले असते.

लग्नात सगळ्या बायकांनी ब्लाउजचं कौतुक केलं. फोटोत मी झकास दिसते आहे. तो फोटो पूर्वाने फ्रेम करून लावला होता. आता मी काढून ठेवला आहे.

*

लग्नानंतर दीड महिन्याने ज्योत्स्नाबाई दुकानात आल्या. डोक्याला स्कार्फ, हातात पिशवी, पिशवीत बारा ब्लाउज, सगळे माझ्याच हातचे. त्या वर्षी दिवाळीला त्या आल्या नव्हत्या, पण मला वाटलं मुलाकडे गेल्या असतील.

त्यांनी नेहमीच्या शांत आवाजात सांगितलं की ऑपरेशन झालं, उजवी बाजू काढली. ब्लाउजमध्ये आतून कापडाचा कप्पा करून द्या, त्यात पॅड बसवायचं आहे. मी मान हलवली. माप लिहायला वही उघडली आणि त्यांचं जुनं पान समोर आलं. उजवीकडचं टिंब. तीन दिवाळ्यांपूर्वीचं. त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याच टिंबाला अजून एक टिंब जोडलेलं होतं.

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि ट्रायलच्या पडद्याआड उभी राहिले. हात ब्लाउजच्या आत घातला. गाठ लगेच हाताला लागली. ती इतकी सहज लागली की इतके दिवस कशी लागली नाही याचंच मला नवल वाटलं.

*

निदानाचा दिवस बुधवार होता. बाजाराचा दिवस, म्हणून आठवतं. आमचे मिस्टर, रमेश, एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात कंत्राटी फिटर आहेत. त्यांनी सुट्टी टाकली होती. मी फाइल नेली होती आणि डॉक्टरांनी मागचे रिपोर्ट मागितल्यावर लॅमिनेशन केलेला कागद पुढे सरकवला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "हा पाच वर्षांपूर्वीचा आहे."

"हो, पण त्यात सगळं ठीक होतं," मी म्हटलं.

"त्या दिवशी होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मग त्यांनी नव्या रिपोर्टबद्दल सांगितलं. गाठ मोठी झाली आहे, काखेतही पोचली आहे, बाजू काढावी लागेल, आधी केमो. मधेच मी विचारलं की वेळेवर आले असते तर काय झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, पण हाताला लागायच्या आधी मशीनला दिसलं असतं, तर बहुतेक एवढं करावं लागलं नसतं.

बाहेर आल्यावर रमेश बाकावर बसून राहिले. मोटरसायकलची किल्ली हातात फिरवत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं बॉयलर चांगला चालू असला तरी वर्षाला बंद करून आतून तपासतो आम्ही. चालतोय म्हणून कुनी सोडत नाय. आन घरात मी एकदाबी इचारलं नाय तुला." मला त्यांना समजवायला हवं होतं. मी समजावलं नाही. मला तेव्हा माझंच पुरे झालं होतं.

पूर्वा पुण्याहून आली ती भांडतच आली. तिच्या स्कूटीची सर्व्हिसिंग झाली का, हे मी दर तीन महिन्यांनी फोन करून विचारते, आणि स्वतःचं काय केलं, असं म्हणून तिने आदळआपट केली. मग भांडी घासायला गेली आणि नळ सोडून रडत बसली. त्या आठवड्यात आमच्या घरात तिघं माणसं तीन खोल्यांत होती. जेवायला बोलावलं की येत होती, एवढंच.

*

हॉस्पिटलची सवय लवकर लागते. सकाळी साडेसातला टोकन, मग रक्त, मग रिपोर्टची वाट, मग खुर्ची, मग सलाईन. फाइल कुणी कितव्या गठ्ठ्यात ठेवली यावर सगळ्यांचं लक्ष. पहिल्या केमोला मला वाटलं होतं आग होईल. तसं काही झालं नाही. तोंडाला धातूची चव आली आणि संध्याकाळी पायातलं बळ गेलं. तिसऱ्या आठवड्यात केस गेले. रमेशनी न सांगता न्हाव्याकडून स्वतःचं डोकं भादरून घेतलं. मी खूप चिडले, कारण ते भयंकर दिसत होते. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

आणि दुसऱ्या केमोला बाकावर शेजारी ज्योत्स्नाबाई.

त्यांचं दुखणं हाडात उतरलं होतं, म्हणून त्या पुन्हा येत होत्या. मला बघून त्या नुसतं "अरेरे, तुम्हीही?" म्हणाल्या आणि सरकून जागा दिली. त्या दिवसापासून त्यांनी मला शिष्य करून घेतलं. सुई टोचायच्या आधी कोमट पाणी भरपूर प्या, शीर सापडते. वास सहन होत नसेल तर जेवण गार करून खा. दुपारच्या नर्सचा हात हलका आहे, तिलाच सांगा. डबा आणायच्या तो दोघींचा आणायच्या. मऊ भात, वर लिंबू, आणि बाटलीत कोकमाचं सार. माझी आई असती तरी याहून जास्त काय केलं असतं.

त्यांच्या हातचा भात खाताना मला ते टिंब दिसायचं. दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं. दर वेळी त्या डबा उघडायच्या आणि माझी जीभ उचलायची नाही. आजारपणात मला मरणाची भीती वाटली, पण सगळ्यात जास्त भीती या एका वाक्याची वाटली. त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतील, ही भीती.

रमेशना सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून काय व्हनार? तिचं दुखणं कमी व्हनार का? उगा जीवाला घोर." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी चार महिने तेवढ्यावर गप्प बसले. गप्प बसायची मला सवय होतीच.

*

माझं ऑपरेशन झालं. पहिल्यांदा ड्रेसिंग काढलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. इतकी वर्षं मी बायकांच्या अंगाला सारखं करत आले, आणि आता माझं अंग कुठल्याही टक्सने सारखं होणार नव्हतं. नर्सने विचारलं, पाणी देऊ का. मी म्हटलं, दे.

रेडिएशनचे दिवस संपले त्या सुमारास कळलं की ज्योत्स्नाबाई आता हॉस्पिटलला येत नाहीत, मुलगा सुट्टी घेऊन घरी आला आहे. मी रिक्षा करून उपनगरला गेले. त्या खिडकीशी कॉटवर होत्या, फार बारीक झालेल्या. मुलगा चहा टाकायला आत गेला. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळलं. मी आढेवेढे न घेता सांगितलं. तीन दिवाळ्यांपूर्वी तुमच्या मापात उजवीकडे पाऊण इंचाचा फरक आला होता. मला कळला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही, ब्लाउजमध्ये झाकला. पुढच्या वर्षीही झाकला.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात टेप पिळला होता."

"हो."

"मला तेव्हा शंका होती," त्या म्हणाल्या. एकेक शब्द थांबत थांबत येत होता. "आंघोळ करताना काहीतरी वेगळं वाटायचं. निवृत्त होईपर्यंत बँकेतून दर वर्षी तपासणीला पाठवायचे. पुढे एकटीने जायची भीती वाटली. मी मनात म्हटलं, सुनंदाताईंच्या हाताला सगळं कळतं. काही असलं तर ब्लाउज बसणार नाही. आणि तुमचा ब्लाउज इतका छान बसला." त्या थांबल्या. "तो बसला म्हणून मी गेले नाही."

मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी काढून घेतला नाही, आणि मला माफही केलं नाही. मुलगा चहा घेऊन आला. त्या त्याला म्हणाल्या, ताईंना बिस्किटं दे. मी चहा प्यायले. कसा होता ते आठवत नाही.

त्या तीन आठवड्यांनी गेल्या.

*

दुकान मी पुन्हा उघडलं आहे. डावा हात फार वर जात नाही, म्हणून कापणी कमी करते. माप घेताना आता मी विचारते, शेवटची तपासणी कधी झाली. फरक लागला तर सांगते की इथे मागच्या वेळेपेक्षा इतका बदल आहे, मी डॉक्टर नाही, पण हे दाखवून या, मग ब्लाउज शिवते. दोन बायका रागावून कापड परत घेऊन गेल्या. एकजण जाऊन दाखवून आली, काही निघालं नाही, आणि तिनेही मला चार शब्द सुनावले. मी ऐकून घेतले. मला फार बरं वाटलं.

माझं पुढे काय होईल, डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. दर तीन महिन्यांनी जाते. पूर्वाला तिच्या डॉक्टरांनी कधी आणि कसं तपासायचं ते लिहून दिलं आहे, आणि मी विचारायच्या आतच ती सांगते, झालं गं आई.

तुम्हाला काही दुखत नसेल, मागचा रिपोर्ट चांगला असेल, अंगावरचे कपडे छान बसत असतील, तरी जा. ठरल्या वेळी जा आणि पुढच्या वेळीही जा. ज्योत्स्नाबाई तपासणीला गेल्या नाहीत, कारण त्यांचा माझ्या हातावर विश्वास होता.